दोन बंदुका आणि दोन चाव्या

या ग्रुपवर इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या लोकांच्या आठवणी मी रोज वाचतो. वाडे, गणपती, लग्नातल्या पंगती, जुनी दुकानं. आज ग्वाल्हेरकडून थोडं वेगळं लिहितो. विषय बंदुकीचा आहे. घाबरू नका, गोळी कुठेच सुटत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. तो मिशिगन राज्यात, डेट्रॉईटपासून तासाभरावर राहतो. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे आणि आता तिकडचा नागरिक झाला आहे. घरी सूनबाई, सोळा वर्षांचा नातू आणि अकरा वर्षांची नात. पोचून आठवडा झाला असेल. रात्री जेवणं झाल्यावर तो माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बँकेत इतकी वर्षं बंदुका बघितल्यात. सांगा, रेमिंग्टन घेऊ की मॉसबर्ग?"

मी चाटच पडलो. माझा मुलगा मला विचारायचा ते म्युच्युअल फंड, फार तर गुडघ्याचं औषध. बंदूक?

कारण दोन होती. एक, शेजारच्या आळीत एका घराचं गॅरेज फोडून चोरांनी सायकली आणि अवजारं नेली होती. कोणाला इजा झाली नाही, पण मुलाची झोप उडाली होती. दुसरं, पलीकडच्या घरातला शेजारी त्याला दोन वर्षं सांगत होता की हरणाच्या शिकारीला चल. मुलाने त्यासाठी सुरक्षिततेचा कोर्सही केला होता. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं लायसन हवं तर आधी हा कोर्स लागतो. त्याचा हिशेब सरळ होता. एकच बंदूक घ्यायची, ती शिकारीलाही चालेल आणि घराच्या राखणीलाही.

आता बंदूक आम्हाला नवी नाही. चंबळच्या बाजूची माणसं मला समजून घेतील. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत खांद्याला बंदूक लावलेले पाच-दहा पाहुणे नसले तर मुलीकडच्यांना वाटायचं, मुलाकडची मंडळी साधीच दिसतात. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आधी संस्थानच्या महसूल खात्यात होते. मग मध्य भारत झाला, मग १९५६ साली मध्य प्रदेश. खातं तेच, पाटी तेवढी बदलत गेली. त्यांना दौऱ्यावर भिंड-मुरैनाकडे जावं लागायचं, म्हणून घरात एक बारा बोरची दुनळी होती. बर्मिंगहॅमची बनावट, अक्रोडाचा दस्ता. बारा बोर म्हणजे काय, हे अण्णांनी मला लहानपणी असं समजावलं होतं: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोरची नळी. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. बी. कॉम.ला गेल्यावर व्यस्त प्रमाण शिकवायला लागले तेव्हा मला हेच उदाहरण आठवायचं.

शिकारही होतीच. शिवपुरीचं जंगल संस्थानच्या काळी शिकारीसाठी राखलेलं होतं, आज ते माधव राष्ट्रीय उद्यान आहे. अण्णा काही मोठ्या शिकारीतले नव्हते. थंडीत तितर, कधी जलमुर्गी. मग १९७२ साल आलं. त्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यात जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे चंबळच्या डाकूंनी बंदुका खाली ठेवल्या आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. मी तेव्हा बावीस वर्षांचा. एका वर्षात दौऱ्याची भीतीही बरीच गेली आणि शिकारही गेली. दुनळी भिंतीवर आली ती तिथेच राहिली. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की घरी आणायची, एवढंच तिचं काम.

पुढे मी बँकेत लागलो. गार्डच्या हातात तीच बारा बोरची दुनळी. म्हणजे बंदूक आयुष्यभर डोळ्यांसमोर होती. पण मुलाने जी दोन नावं घेतली ती दुनळी नव्हती, ती पंप ॲक्शन होती. ती मला शिकावी लागली, आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी तीन दिवस बसून शिकलो.

पंप ॲक्शनमध्ये नळी एकच. तिच्याखाली समांतर दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक भरून ठेवायची. पुढे डाव्या हाताखाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची सरकती मूठ असते. ती मागे ओढली की वापरलेलं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. खर्रक-खट. दुनळीत दोन बार झाले की मोडून परत भरायची. हिच्यात पाच-सहा बार ओळीने होतात.

आणि हरणासाठी बारा बोर कशाला, रायफल का नाही, हेही मी विचारलं. दक्षिण मिशिगन सपाट आहे आणि वस्ती दाट. रायफलची गोळी फार लांब जाते, म्हणून त्या भागात तेव्हा नेहमीच्या लांब पल्ल्याच्या रायफलींना बंदी होती. बारा बोरच्या काडतुसात छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी शिशाची गोळी घालतात, तिला तिकडे स्लग म्हणतात. शंभर मीटरच्या आत हरीण पाडायला ती पुरेशी, आणि पल्ला कमी. गावाची काळजी घेऊन केलेला नियम. मला आवडला.

मग मी माझ्या पद्धतीने कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे रेमिंग्टन ८७०, दुसरीकडे मॉसबर्ग ५००.

रेमिंग्टन ८७० ही १९५० सालची, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाची. एक कोटीच्या वर विकली गेलेली. मधला पेटीसारखा भाग, जिथे सगळी यंत्रणा असते, तो सबंध पोलादाचा. हातात जड, पण जड बंदूक खांद्याला धक्का कमी देते. शेजाऱ्याकडे त्याच्या वडिलांची ८७० होती, लाकडी दस्त्याची, साठ वर्षं चाललेली. तो म्हणे, दुसरी बघूच नका.

मॉसबर्ग ५०० साधारण दहा वर्षांनी धाकटी. तीही एक कोटीच्या वर विकलेली. मधला भाग ॲल्युमिनियमचा, त्यामुळे थोडी हलकी, रानात दिवसभर वागवायला बरी. काडतूस खालून भरताना रेमिंग्टनची झडप प्रत्येक वेळी अंगठ्याने वर दाबावी लागते आणि नवशिक्याचा अंगठा चिमटतो. मॉसबर्गची झडप वरच राहते, तोंड उघडं. किंमत दोन्हींची तेव्हा चारशे ते सहाशे डॉलरच्या दरम्यान होती, मॉसबर्ग थोडी स्वस्त.

मी बँकेतला माणूस, त्यामुळे कंपन्यांची पत्रिकाही बघितली. रेमिंग्टन हे १८१६ पासूनचं नाव, पण जुनी कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, नाव नव्या मालकांकडे गेलं, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा तो प्रसिद्ध कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये, आम्ही जायच्या सहा महिने आधी, बंद झाला होता. मॉसबर्ग १९१९ पासून एकाच घराण्याकडे आहे. कर्ज द्यायचं असतं तर निर्णय सोपा होता. पण बंदूक म्हणजे कर्ज नव्हे. जुन्या ८७० चे सुटे भाग पुढची पन्नास वर्षं मिळतील इतक्या त्या बाजारात आहेत.

खरा फरक एका बारीक गोष्टीत निघाला. रेमिंग्टनचा सेफ्टीचा खटका चापाच्या मागे आडवा असतो, उजव्या हाताच्या बोटाने दाबायचा. मॉसबर्गचा खटका वर, मधोमध, अंगठ्याखाली असतो, आणि बंदूक खांद्याला लावली की तो डोळ्यांसमोर दिसतो. आणि माझा मुलगा डावखुरा! लहानपणी त्याच्या आजीने पाटीवर उजव्या हाताने लिहायला लावायचा किती प्रयत्न केला, काही उपयोग झाला नाही. डावखुऱ्याला मधला खटका दोन्हीकडून सारखाच. मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. गाडीतच मुलाने बजावलं, "बाबा, कशालाही हात लावायचा नाही हं." व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाने तिकडे बंदूक बाळगणं, काही अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. दुकानात नुसती हातात धरली तर ते बाळगणं होतं की नाही, हा वाद कशाला ओढवून घ्या. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभा राहिलो. आयुष्यभर लोकांच्या नोटा मोजल्या, त्यामुळे परक्याच्या मालाला हात न लावता बघायची सवय आहे.

दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने दोन्ही बंदुका आधी उघडून दाखवल्या, आत काही नाही याची खात्री केली, मुलाकडूनही करवून घेतली. मग हातात दिल्या. खरेदी तिकडे किती पटकन होते! एक केंद्रीय फॉर्म, त्यावर बरेच प्रश्न, खोटं उत्तर दिलं तर गुन्हा. मग संगणकावरून चौकशी, आणि काही अडचण नसली तर पाव-अर्ध्या तासात बंदूक तुमची. अण्णांच्या लायसनच्या नूतनीकरणाला माझे कलेक्टर कचेरीत किती हेलपाटे झाले ते आठवलं. ठाण्याचा अहवाल, तहसीलचा अहवाल, परत ठाणं. तेव्हा आम्ही वैतागायचो. त्या दिवशी मात्र वाटलं, त्या हेलपाट्यांत माणसाला विचार करायला वेळ तरी मिळत होता.

दुकानदाराने एक जोड दाखवली. मॉसबर्ग ५००, सोबत दोन नळ्या. अठ्ठावीस इंची लांब नळी रानासाठी, साडेअठरा इंची आखूड नळी घरासाठी. पुढची टोपी फिरवायची, एक नळी काढायची, दुसरी बसवायची. मुलाचे डोळे चमकले. त्याला हवं होतं तेच. पण तो म्हणाला, "उद्या सांगतो." मला बरं वाटलं. मोठी खरेदी करायच्या आधी एक रात्र जाऊ द्यावी, हे त्याने माझ्याकडूनच उचललं असावं.

घरी आलो. सूनबाई स्वयंपाकघरात होती. या सगळ्या दिवसांत ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. मी पाणी प्यायला गेलो तर ओट्याकडे बघतच म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला कुठली घ्यायची ते सांगताय. घ्यायची की नाही ते सांगा ना."

मंडळी, खरं सांगतो, मला लाज वाटली. मी तीन दिवस रकाने भरत होतो, आणि या बाईला रात्री झोप लागत नव्हती हे मला दिसलं नव्हतं. पण मुलाच्या संसारात सासऱ्याने किती बोलायचं? आमच्या पिढीने आईवडिलांचं फार ऐकलं, म्हणून मुलांना फार सांगायचं नाही असं मी आणि हिने ठरवलं आहे. मी ग्लास विसळून ठेवला आणि वर गेलो.

मुलगा त्याच्या खोलीत कपाटात जागा मोजत होता. बोटाच्या ठशाने उघडणारी पोलादी पेटी पलंगाशेजारी बसवायची, आत आखूड नळी लावलेली भरलेली बंदूक. रात्री आवाज आला तर तीन सेकंदात हातात. मी पलंगावर बसलो. हात सहज मागे भिंतीला टेकला तर ठक-ठक आवाज आला. पोकळ. तिकडच्या घरांच्या आतल्या भिंती लाकडाच्या पट्ट्यांवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणापर्यंत मी त्याचा विचार केला नव्हता. आमच्या लष्करच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड, दगडाच्या.

मी विचारलं, "या भिंतीपलीकडे काय आहे रे?"

तो म्हणाला, "छोटीची खोली." आणि थांबला.

दुकानदाराने आपण होऊन सांगितलं होतं. घरासाठी जी मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं घेतात, त्यात आठ-नऊ छर्रे असतात, एकेक आठ मिलिमीटरच्या वर जाड. ते जिप्समची एक भिंत नव्हे, अशा कित्येक भिंती आरपार जातात. आणि छर्रे पसरतात म्हणून नेम धरावा लागत नाही, हेही खरं नाही. खोलीच्या अंतरावर सगळे छर्रे मिळून तळहाताएवढ्या जागेत लागतात. नेम चुकला की ते सगळे पलीकडे.

मग मी त्याला बापूकाकांची गोष्ट सांगितली. ती त्याला मी कधीच सांगितली नव्हती. घरात कोणी सांगायचंच नाही ती.

१९६१ चा उन्हाळा. मी अकरा वर्षांचा, आज नात आहे तेवढाच. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. त्या दिवसांत डाके पडल्याच्या बातम्या रोजच्याच, शहरातसुद्धा लोक धास्तावलेले. अण्णा दुनळी भरून खाटेखाली ठेवायचे. त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका झाशीला रेल्वेत होते. कळवायची पद्धत नव्हती, मनात आलं की यायचे. त्या रात्री गाडी उशिरा आली, वाड्याचा दिंडी दरवाजा आतून बंद. हाका मारून म्हाताऱ्या आईला कशाला उठवायचं, म्हणून ते मागच्या बोळातून भिंतीवर चढले आणि आमच्या अंगणात उतरले.

मला जाग आली तेव्हा अण्णा कठड्याशी उभे होते. दुनळी खांद्याला लागलेली. खाली अंधारात एक माणूस पायऱ्यांकडे येत होता. मी अण्णांचा हात बघत होतो. बोट चापावर होतं. तेवढ्यात खाली पाण्याची घागर कलंडली आणि तो माणूस ओरडला, "अगं आई गं!"

आजी माझ्या शेजारी झोपलेली होती. ती झोपेतून अशी ताडकन उठली की मला अजून तिचं लुगडं फडफडल्याचा आवाज ऐकू येतो. म्हणाली, "थांब! बापू आहे!"

अण्णांनी बंदूक खाली केली. कोणीच काही बोललं नाही. बापूकाका वर आले, अंगठा ठेचलेला, हसत होते. त्यांना काही कळलंच नव्हतं. अण्णा खाली बसले आणि त्यांचे हात थरथरत होते. तहसीलदाराच्या दौऱ्यात डाकूंच्या मुलखातून फिरलेला माणूस तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी काडतुसांचा डबा आजीपुढे ठेवला. "आई, हे तुझ्याकडे." आजीने तो कोठीच्या खोलीतल्या पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि चावी कमरेच्या जुडग्यात अडकवली. त्यानंतर आमच्या घरात बंदूक अण्णांकडे आणि काडतुसं आजीकडे. आजी गेल्यावर आईकडे. बंदूक चालवायची तर घरातली दोन माणसं जागी आणि एका मताची हवीत. अण्णा वारल्यावर दुनळी मी रीतसर परवानाधारक विक्रेत्याला देऊन टाकली, तेव्हा काडतुसांच्या पेटीची चावी आईच्या पदरालाच होती.

पुढे बँकेत गेलो तेव्हा मला हे नवं वाटलंच नाही. तिजोरीला दोन चाव्या, दोन अधिकाऱ्यांकडे. एकटा मॅनेजर कितीही मोठा असो, त्याला तिजोरी उघडता येत नाही. हा नियम कोणावर अविश्वास म्हणून नसतो. माणूस घाबरला, रागावला, झोपेत असला तर त्याच्यापासून त्यालाच वाचवायला असतो. भिंड जिल्ह्यातल्या एका शाखेत संध्याकाळी गार्ड बंदूक रिकामी करत असताना बार उडाला. छताचा गिलावा माझ्या टेबलावर पडला. तो अनुभवी माणूस, माजी सैनिक. "साहेब, मला वाटलं रिकामी आहे," एवढंच म्हणत राहिला. त्यानंतर मी त्या शाखेत काडतुसांचं रजिस्टर सुरू केलं. किती दिली, किती परत आली, दोघांच्या सह्या.

मुलगा सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "पण बाबा, खरंच कोणी घरात घुसलं तर? दोन कुलपं उघडत बसू?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला खोटं सांगितलं नाही. म्हणालो, "नाही, तेव्हा ती बंदूक कामाला येणार नाही. तेव्हा मुलांना घेऊन एका खोलीत जायचं, दार लावायचं आणि पोलिसांना फोन करायचा. सायकली गेल्या तर जाऊ देत. पण तुझा पोरगा बँडची तालीम संपवून साडेदहाला गॅरेजच्या दारातून येतो, दिवासुद्धा लावत नाही. त्याला बापूकाकांसारखं ठेच लागून ओरडायची सवय आहे का, ते मला माहीत नाही."

एवढं बोलून मी खाली आलो. निर्णय त्याचा होता.

रात्री बराच वेळ त्यांच्या खोलीत दोघांचं बोलणं चालू होतं. शब्द कळत नव्हते, पण भांडण नव्हतं. सकाळी चहाच्या वेळी मुलगा म्हणाला, "बाबा, मॉसबर्गच घेतो. पण ती जोड नाही. रानातली नळी आणि स्लगची नळी. आखूड नळी नको."

सूनबाईने माझ्या चहात त्या दिवशी विचारल्याशिवाय दुसरा चमचा साखर घातली. माझी डायबेटिसची गोळी चालू आहे. मी मुकाट्याने प्यालो.

बंदूक तळघरातल्या लोखंडी कपाटात गेली, रिकामी, कुलपात. फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये अल्पवयीन मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवणं कायद्यानेच बंधनकारक झालं आहे. त्या कपाटाची चावी मुलाकडे. काडतुसं वरच्या मजल्यावर वेगळ्या पेटीत, तिची चावी सूनबाईकडे. हा दुसरा भाग कायद्यात नाही, तो आमच्या आजीचा. घराच्या राखणीसाठी त्यांनी गॅरेजला चांगलं कुलूप, बाहेर हालचालीवर लागणारे दिवे आणि दाराला कॅमेरा बसवला. सगळं मिळून बंदुकीपेक्षा स्वस्त पडलं. नातवाला आता आल्यावर दिवा लावून "मी आलो" असं मराठीत ओरडावं लागतं. तो वैतागतो, पण ओरडतो.

मिशिगनमध्ये हरणांचा बंदुकीचा हंगाम दर वर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो, वार कुठलाही असो. त्या दिवशी शुक्रवार होता. पहाटे पाचला मुलगा खाली आला, अंगात भडक नारिंगी जॅकेट. रानात दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा म्हणून ते सक्तीचं असतं. सूनबाईही उठलेली. तिने पेटी उघडली, पाच काडतुसं मोजून टेबलावर ठेवली. शेजारी एक वही. मीच आदल्या दिवशी रकाने आखून दिले होते: तारीख, दिली, परत, सही, सही. मुलगा हसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही रिटायर झालात ना?" पण सही केली.

संध्याकाळी काळोख पडल्यावर परत आला. नाक लाल, हात गारठलेले. दिवसभर झाडाखाली बसून दोन माद्या आणि एक पिल्लू दिसलं, बार टाकला नाही. मी विचारलं नाही का ते. पाचही काडतुसं त्याने टेबलावर ठेवली, सूनबाईने मोजली आणि वर पेटीत नेऊन ठेवली. मग वही माझ्यापुढे आली. मी चष्मा लावला, आकडे जुळतात ते बघितलं आणि खाली तपासल्याची सही केली.

तर असं. कोणी मला विचारलं, दोन्हींतली चांगली कुठली, तर माझं उत्तर आजही तेच आहे. डावखुऱ्याने आणि हलकी हवी असेल त्याने मॉसबर्ग, जुनं पोलाद आवडत असेल त्याने रेमिंग्टन. दोन्ही उत्तम, आणि त्या तुलनेला फार तर तीन दिवस लागतात. ती रात्री कुठे असेल, भिंतीपलीकडे कोण झोपलं आहे आणि काडतुसांची चावी कोणाच्या कमरेला आहे, हे मात्र आधी ठरवा.

आपल्यापैकी ग्वाल्हेर, झाशी, सागरकडच्या पुष्कळ घरांत अशी दुनळी असणार. तिची काडतुसं कोणाकडे असायची? आठवत असेल तर जरूर लिहा.